सूपभर बाजरी

"तुम्ही हिच्या कोण?" एवढंच विचारलं होतं खिडकीपलीकडच्या साहेबांनी, आणि तेही मान खाली घालूनच. बीडच्या पासपोर्ट कार्यालयात सकाळपासून पंचवीस-तीस जणांना ते असंच काहीबाही विचारत होते. जन्म कुठला, लग्न कधी झालं, पत्ता हाच का. लोक पटापट उत्तरं देऊन पुढं सरकत होते. मी थांबले. मग साहेबांनी मान वर केली, जन्मदाखल्यावर बोट ठेवलं. "आईचं नाव रतनबाई दिसतंय. तुमचं सत्यशीला. म्हणून विचारतोय, तुम्ही हिच्या कोण लागता?" तेवढ्यात माझा हात धरून उभी असलेली कडू म्हणाली, "काकू हाय ही माझी." अगदी स्पष्ट, शाळेत सुविचार सांगावा तसं. साहेबांनी फाइल मिटली, तिची दोरी बांधली आणि जराही न रागावता माझ्याकडे सरकवली. "मग आईला घेऊन या. नाहीतर दाखला दुरुस्त करून आणा." त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. नऊ वर्षांत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही आपण होऊन त्याच्या वाटेला गेले नव्हते.

बाहेर ऊन होतं. कडूला उसाचा रस हवा होता, तो पाजला. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, चौदा वर्षं झाली. आमच्या कामात एकच पाप आहे, नळीवर चुकीचं नाव. नाव चुकलं की रक्त चुकलं, मग पुढं मशीन कितीही महागडं असो, ते चुकीच्या माणसाचा बरोबर रिपोर्ट देतं. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, सुई नंतर, आधी नाव विचारा. नाव आपण सांगून हो म्हणवून घ्यायचं नाही, पेशंटच्या तोंडून काढायचं. मुली मला पाठीमागं 'नाववाल्या मॅडम' म्हणतात, मला ठाऊक आहे. आणि अशा बाईच्या पोटच्या पोरीच्या दाखल्यावर, शाळेच्या रजिस्टरात, आधारच्या अर्जात, सगळीकडं दुसऱ्याच बाईचं नाव. देवाला थट्टा सुचते ती अशी. देवाला म्हणजे माझ्या सासूबाईंना, केशरबाईंना.

पण सगळा दोष त्यांच्या पदरात टाकायचा हेही खरं नव्हे. कडूच्या आधी माझी दोन लेकरं गेली. पहिला मुलगा बाराव्या दिवशी, पाळण्याला रेशमी दोरी बांधायची राहिली होती तेवढ्यात. दुसरी मुलगी तीन महिन्यांची झाली, हसायला लागली, आणि एका दुपारी दूध पिऊन झोपली ती झोपलीच. दोन्ही वेळेला चांगलं हॉस्पिटल होतं, चांगले डॉक्टर होते, सगळे रिपोर्ट मी स्वतः वाचले होते आणि त्यांत काहीही सापडलं नव्हतं. रिपोर्टात काही सापडत नाही तेव्हा शिकलेला माणूसही इकडंतिकडं बघायला लागतो. तिसऱ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "मरणाला तुझं घर पाठ झालंय. ह्या खेपेला लेकरू तुझं न्हाईच म्हणायचं. इकून टाकायचं." मी हसले असेन तेव्हा. पण नको म्हणाले नाही.

नेकनूरच्या पुढं आमचं रान आहे. दिवाळी झाली की दरवर्षी तिथं रतनबाईच्या मेंढ्या बसायच्या, पाच-सात दिवस, खतासाठी. रतनबाई धारूरच्या डोंगराकडची धनगरीण. तिला सात लेकरं झाली आणि सातही जगली, बिनदवाखान्याची, दगडाधोंड्यात लोळून. सासूबाईंच्या लेखी हीच तिची पदवी. मला अठरा दिवस आधी कळा सुरू झाल्या त्या रानातल्या घरीच, आणि गाडी येईपर्यंत रतनबाईनं कडूला बाहेर काढलंही होतं. पहिला हात तिचाच. पाचव्या दिवशी, मी अजून नीट उठूनही बसले नव्हते, सासूबाईंनी बाळाला सुपात ठेवलं आणि सूप उंबऱ्याबाहेर सरकवलं. रतनबाई बाहेरून ओरडली, "लेकरू इकायचं हाय का?" सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी म्हणाले, "आहे." रतनबाईनं बाळ उचललं, त्याच सुपात बाजरी ओतली आणि सूप परत आत सरकवलं. सौदा झाला. मग तिनं ते बाळ पुन्हा माझ्या मांडीवर आणून ठेवलं, सांभाळायला म्हणून. "माझी लेक हाय. नीट दूध पाज." तिचं हसणं मला अजून आठवतं, मिश्री लावलेले दात. ग्रामसेवकानं नोंद घ्यायला आईचं नाव विचारलं तेव्हा सासूबाईंनी रतनबाईचं सांगितलं. बापाचं मात्र आपल्या पोराचंच ठेवलं, कारण मरण आईच्या नावानं शोधत येतं, बापाचं त्याला काही पडलेलं नसतं, असं त्यांचं शास्त्र. ग्रामसेवक बिचारा सांगितलं ते लिहून गेला.

त्या बाजरीची भाकरी मला खावी लागली. किंमत विकणाऱ्याच्या पोटात गेल्याशिवाय विक्री पक्की होत नाही म्हणे. सासूबाईंनी ती दळली, थापली, वर तूप घातलं, आणि मी खाल्ली. ह्या गोष्टीतलं हे एवढंच मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही: ती भाकरी मला फार गोड लागली. पाच दिवसांची भूक होती. एक संपल्यावर मी दुसरी मागितली. आजही लॅबमध्ये डबा उघडला आणि बाजरीचा वास आला की मला आधी पाणी सुटतं आणि मग लाज वाटते, दोन्ही एकामागोमाग, कधी चुकत नाही.

त्या दिवसापासून नियम लागू झाला. विकलेल्या मालाला आपला म्हणू नये. घरात दिराची मुलं मला काकू म्हणत, कडूही काकू म्हणायला लागली, कुणी तिला दुरुस्त केलं नाही. 'आई' हा शब्द रतनबाईसाठी राखून ठेवलेला. वर्षातून एकदा मेंढ्या आल्या की कडूला नवा फ्रॉक घालून रानात न्यायचं, आणि तिथं तिनं त्या बाईला आई म्हणायचं, मी बाजूला उभी राहून बघायचं. मी मनात म्हणायची, शब्दानं काय होतं. न्हाऊमाखू मी घालते, वेणी मी घालते, ताप आला तर जागते मी. पण शब्दानं होतं. कडू चार वर्षांची असताना माजलगावच्या स्टँडवर एका बाईनं कौतुकानं विचारलं, "तुमचीच का हो?" आणि मी मान हलवली. नुसती मान. संध्याकाळपर्यंत कडूला सणसणून ताप भरला. डेंगी. प्लेटलेट एकोणीस हजारांवर आले, ती नळी मीच मशीनला लावली होती. डास चावल्यावर ताप यायला चार-सात दिवस जातात, म्हणजे तो डास माझ्या मान हलवण्याच्या कितीतरी आधीचा, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मी ते इतरांना समजावते. पण त्यानंतर मी मानही हलवली नाही.

हे असंच चाललं असतं. बीडमध्ये कागदावर कुणाचं काय आहे हे विचारतो कोण. पण माझे मिस्टर, रामेश्वर, नर्सिंगचे; सव्वा वर्षापूर्वी ते जर्मनीला एका हॉस्पिटलात लागले, आणि आता त्यांनी आम्हाला बोलावून घ्यायचं ठरवलं. तेव्हापासून आमच्या घरात नियमांचं राज्य सुरू झालं. माणशी इतके चौरस मीटर घर पाहिजे, त्याशिवाय बायकामुलांना येऊ देत नाहीत. ते घर त्यांनी मिळवलं. बायकोला त्यांची भाषा थोडीतरी आली पाहिजे, त्याची परीक्षा. मुलाच्या जन्मदाखल्यावर दोन्ही आईबापांची नावं पाहिजेत, त्यावर सरकारी शिक्का पाहिजे, आणि दोघांपैकी जो मागं राहणार असेल त्याची लेखी संमती पाहिजे. मला हे नियम आवडायचे, खरं सांगते. आमच्या लॅबसारखे होते. नळी कुणाची, नाव कुणाचं, एकमेकांशी जुळतं का. मी रोज सकाळी मोबाइलवर जर्मन शिकायची. तिसऱ्या धड्यात घरच्यांची ओळख करून द्यायची होती. पडद्यावरची बाई म्हणे, मी मागून म्हणे: दास इस्ट माइने टोख्टर. ही माझी मुलगी आहे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, काही होत नाही. आमच्याकडच्या मरणाला जर्मन येत नसणार. मग मी तो धडा रोज करायला लागले. पुढचे धडे तसेच पडले होते आणि मी भांडी घासताना, नळ्या धुताना, रिक्षात, माइने टोख्टर, माइने टोख्टर.

खिडकीवरून परत आल्यावर मी युवराजकडे गेले. हा बसस्टँडमागं बसतो, परदेशाचे अर्ज भरून देतो. त्यानं दाखला बघितला आणि म्हणाला, "मॅडम, सोपं हाय की. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, त्याला तीन आठवडे तरी जातेत. रतनबाई आई, तुमी सावत्र. सावत्र आईबरोबर लेकरू नेता येतंय. तिचा संमतीच्या कागदावर अंगठा घ्या, झालं." मी म्हणाले, "अहो, आमचं लग्न मुलीच्या आधी चार वर्षं झालंय." तो म्हणाला, "त्येंना काय त्याचं? तिकडं असलं लई चालतंय." आणि दोन्ही कागद त्यानं तयार करून दिले, एक संमतीचा, एक दुरुस्तीचा, कोणता वापरायचा ते तुम्ही ठरवा. घरी आल्यावर रामेश्वरांचा फोन आला तेव्हा ते ड्यूटीवर निघाले होते, मागं ट्रामचा आवाज. "एकोणतीस मार्चची व्हिसाची तारीख हुकली तर पुढची पाच-सहा महिन्यांनी मिळेल, सत्या. त्याआधी पासपोर्ट हातात पाहिजे. काहीही कर. अगदीच नाही जमलं तर तू एकटी ये, कडू राहील माझ्या आईजवळ, तिला मागून आणू." मागून म्हणजे केव्हा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सासूबाई पलंगावर बसून सगळं ऐकत होत्या. "सावतरच बरं," त्या म्हणाल्या. "नाव ऱ्हाऊ दे रतनीचं. नऊ वर्सं झाकून ठिवलं ते कावून उकरतीस? कागद बदललास म्हंजी त्याला पत्ता दिलास." मी म्हणाले, "जर्मनीचा पत्ता देतेय." त्या म्हणाल्या, "मग? तिकडं मरण जात न्हाई का? तुजा नवरा तिकडं कुणाच्या दवाखान्यात हाय?" आणि लाज सोडून सांगायचं तर मला त्यांचं पटत होतं. खोटा कागद सोपा होता, लवकर होणारा होता, आणि माझ्या भीतीला सोयीचा होता. सावत्र तर सावत्र. मुलगी तर जवळ राहील. जन्मभर जर्मनीतल्या प्रत्येक खिडकीवर मी हिची कोणी नाही असं लिहून द्यायचं, आणि त्या बदल्यात ती जगेल. हा सौदा मी एकदा केलाच होता, दुसऱ्यांदा करायला काय झालं. फक्त कडूचं ते वाक्य कानात बसलं होतं. काकू हाय ही माझी. किती चटकन म्हणाली.

रविवारी आम्ही दोघी धारूरच्या गाडीत बसलो. पर्समध्ये दोन्ही कागद, पिशवीत भाकरीचा डबा. धारूरचा नोटरी रविवारीही चारपर्यंत बसतो असं युवराजनं फोन करून विचारून ठेवलं होतं. घाट लागला. कडू खिडकीला नाक लावून माकडं मोजत होती. फाट्यावर उतरून अर्धा तास चालल्यावर रतनबाईची वस्ती. तीन वर्षांपासून ती मेंढ्यांमागं फिरत नाही, गुडघे गेले. पोरं कळप घेऊन लांब गेलेली, आणि मागं म्हातारी, दोन शेळ्या आणि चालू न शकणारं एक कोकरू. ती केवढी लहान झाली होती. कडू लांबच थांबली, मग कोकराकडे पळाली. रतनबाईनं तिला डोळे भरून बघितलं. "जगली की गं," ती म्हणाली. मी आल्यापासूनचं हे तिचं पहिलं वाक्य.

मी बाजेवर बसले आणि शहाण्या बाईसारखं सगळं समजावून सांगितलं. परदेश, पासपोर्ट, दाखला, मार्चची तारीख, धारूरचा नोटरी. ती ऐकत होती का कोण जाणे, दोन्ही कागद मांडीवर घेऊन नुसता हात फिरवत होती. मग एक उचलून म्हणाली, "ह्यात काय हाय?"

"ह्यात तुम्ही म्हणायचं, मावशी, की ही तुमची मुलगी आणि तुम्ही तिला आमच्याबरोबर पाठवायला राजी आहात."

"आन ह्यात?"

"ह्यात... ही तुमची मुलगी नाही म्हणून."

"मग कुणाची?"

पुन्हा तेच. खिडकी नव्हती, साहेब नव्हते, समोर बोडका डोंगर आणि एक म्हातारी. मी कागदाकडं बोट केलं. "ते लिहिलंय त्यात."

"मला वाचता येत न्हाई. तू बोल."

मी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली. रतनबाईनं वाट बघितली, घाई नव्हती तिला. मग म्हणाली, "तुज्या तोंडातनं निघंना आन माजा अंगठा मागतीस? सासूनं तुला लई भेवडून ठिवलंय. मी म्हणलं हुतं केशरबाईला, पाच वर्सं झाली की लेकरू परत घ्यावं लागतंय. धा वर्सं ठिवू नये. ती कुठली ऐकती." हे मला नवीन होतं. परत घ्यायचं असतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "परत कसं घ्यायचं?"

"कसं म्हंजी? दिलतं तसं. तू माजी बाजरी खाल्लीस, आता म्या तुजी खायची. आणली का?"

नव्हती आणली. दोन कागद, चार झेरॉक्स, आधार, फोटो, सगळं आणलं होतं. मी इकडंतिकडं बघत बसले आणि कडूनं, कोकराजवळूनच, पिशवी माझ्याकडं सरकवली. "भाकरी बाजरीचीच हाय," ती म्हणाली. म्हणजे ती सगळं ऐकत होती.

डबा मी उघडला. रतनबाईनं भाकरी हातावर घेऊन वजन केल्यासारखं केलं. "सूपभर न्हाई भरत ही. पर मरण बी आता म्हातारं झालं आसंल. चालंल." तिला दात राहिले नव्हते. तिनं शेळीचं दूध वाटीत घेतलं, भाकरी कुस्करली आणि एकेक घास चघळत खायला लागली. किती वेळ लागला कोण जाणे. मी बघत राहिले. अजून वेळ आहे, वाटत होतं, अजून अर्धी शिल्लक आहे, आत्ता उठून पहिला कागद पुढं केला तर ही थांबेल. पाळण्याची रेशमी दोरी आठवली. ती मी अजून ठेवलीय, कपाटात, पासपोर्टच्या फाइलीखालीच. तीन महिन्यांच्या पोरीचं हसणं आठवलं, एकोणीस हजारांचा तो आकडा आठवला. शिकलेली बाई, चौदा वर्षांची नोकरी, आणि भीती अशी की हात बर्फ झालेले. रतनबाईनं वाटी पुसून चाटली. "झालं," ती म्हणाली. "आता तू. मोठ्यानं."

डोक्यात आधी जर्मन आलं. तेच वाक्य, सकाळच्या सवयीनं, जिभेवर तयार. पण रतनबाईला ते कळलं नसतं, आणि ज्याला ऐकवायचं होतं त्यालाही नाही. मी म्हणाले, "ही माझी मुलगी आहे." धड्यातलं वाटलं, लांब आणि स्वच्छ. रतनबाई कानामागं हात धरून बसली होती. मग मी उभी राहिले, आणि डोंगराकडं तोंड करून, ज्या भाषेत माझी दोन लेकरं गेली त्या भाषेत, जवळजवळ ओरडून म्हणाले, "माजी हाय ही. माजी लेक हाय." आवाज फाटला. काहीच झालं नाही. शेळीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा खायला लागली.

कडू कोकराला बाटलीनं दूध पाजत होती, मान वर न करता. "ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पैलीपासून. समदे म्हणतेत, तू तुज्या काकूवानीच दिसतीस. डिट्टो."

"मग त्या दिवशी खिडकीवर काकू का म्हणालीस?"

तिनं बाटली काढून घेतली, कोकराचं तोंड फ्रॉकनं पुसलं. "तू भ्यालतीस," ती म्हणाली. "तुजा हात लई गार पडलता."

रतनबाई चपला शोधत होती. "चला, धारूरची दोनची गाडी चुकंल. अंगठा कुठं लावायचा ते दाव," ती म्हणाली आणि काठी टेकत पुढं चालायला लागली, तीन वर्षांत वस्तीबाहेर न पडलेली. मी संमतीचा कागद फाडून चुलीत घातला, दुसरा पर्समध्ये ठेवला. कडू आली आणि तिनं माझा हात धरला. तो अजून गारच होता. फाट्यापर्यंत तिनं तो सोडला नाही.